घरच्या व्हिडिओंचा सर्व्हर साताऱ्याला आणि न्यू जर्सीला दिसण्यासाठी काय करावं?

कोथरूडचा_डबा

सामान असं आहे: एन१०० प्रोसेसरचा मिनी पीसी, १६ जीबी रॅम, यूएसबीने जोडलेली ४ टीबीची हार्डडिस्क, डेबियन १२ (लिनक्स) आणि त्यावर डॉकरमध्ये, म्हणजे वेगळ्या बंद कप्प्यात (कंटेनरमध्ये), जेलीफिन हा घरच्या व्हिडिओंचा सर्व्हर. लायब्ररीत सगळं घरचंच आहे. व्हीएचएस कॅसेटवरून डीव्हीडीवर उतरवलेली लग्नं आणि मुंजी (डीव्हीडीवरच्या व्हीओबी फायली जशाच्या तशा), अलीकडचे आयफोनचे फोर-के व्हिडिओ आणि आजोबांच्या कीर्तनांच्या कॅसेटवरून घेतलेला ऑडिओ. एकूण १.६ टीबी.

बघणारी घरं तीन. साताऱ्याला आई-बाबा (अँड्रॉइड टीव्ही), डोंबिवलीला काका (एलजीचा टीव्ही), न्यू जर्सीला बहीण (ॲपल टीव्ही). माझ्याकडे फायबर आहे, अपलोड आणि डाउनलोड दोन्ही १०० एमबीपीएस.

अडचणी:

१. राउटरवर जेलीफिनचं ८०९६ पोर्ट उघडलं, तरी बाहेरून काही पोचत नाही. राउटरच्या वॅन (इंटरनेटच्या बाजूच्या) पानावर १००.७१ ने सुरू होणारा पत्ता दिसतो.
२. आयफोनचे व्हिडिओ ब्राउझरमध्ये अडखळतात, प्रोसेसर १०० टक्क्यांवर जातो आणि रंग फिके दिसतात. डीव्हीडीवरच्या लग्नाचे चार-पाच तुकडे वेगवेगळे दिसतात, पुढे सरकवलं की अडकतात आणि हालचालीत कंगव्यासारख्या आडव्या रेघा येतात.
३. आई-बाबांना टीव्ही लावला की सरळ यादी दिसली पाहिजे. पासवर्ड रिमोटने टाइप करणं त्यांच्याच्याने होणार नाही.

खर्चाची तयारी आहे, पण दर आठवड्याला फोनवरून दुरुस्ती करायची तयारी नाही.

---

आयपी_मागतो_वाढा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या पत्त्यातच आहे. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा सीजीनॅटसाठी, म्हणजे सेवादात्याने एकच पत्ता अनेकांत वाटण्यासाठी, राखलेला आहे. म्हणजे बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता तुमच्या एकट्याचा नाही, शेकडो ग्राहकांत वाटलेला आहे. तुमच्या राउटरवर पोर्ट उघडणं म्हणजे सोसायटीचं गेट बंद असताना फ्लॅटचं दार उघडं ठेवणं. ते पोर्ट आधी बंद करा. उद्या सेवादात्याकडून स्वतंत्र पत्ता मिळाला तरी ८०९६ असं उघडं ठेवू नका. त्यावरची वाहतूक कूटबद्ध नसते, पासवर्ड उघडा जातो. शिवाय जेलीफिनचे काही अंतर्गत पत्ते लॉगिनशिवायही उत्तर देतात, ही गोष्ट त्या प्रकल्पाच्या जाहीर नोंदींतच आहे.

सरळ उपाय टेलस्केल. ते तुमच्या सगळ्या यंत्रांना आपसात खाजगी जाळ्याने जोडतं. आतून ते वायरगार्ड हा कूटबद्ध बोगदाच आहे, फक्त चाव्यांची देवाणघेवाण आणि नॅटमधून वाट काढणं ते स्वतः करतं. क्रम असा ठेवा:

- टेलस्केल कंटेनरमध्ये न घालता थेट डेबियनवर बसवा. जेलीफिनचा कंटेनर होस्ट नेटवर्कवर चालवा, नाहीतर प्रत्येक बघणारा जेलीफिनला डॉकरच्याच १७२ वाल्या पत्त्यावरून आल्यासारखा दिसू शकतो. त्याचा त्रास पुढे होतो.
- टेलस्केलच्या ॲडमिन पानावर सर्व्हरची 'की एक्स्पायरी' बंद करा. मूळ मुदत १८० दिवसांची असते. हे विसरलात तर सहा महिन्यांनी एके संध्याकाळी तिन्ही घरांतून एकदम फोन येतील आणि कारण लवकर सापडणार नाही. टीव्हींचीही मुदत तशीच काढा.
- साताऱ्याच्या अँड्रॉइड टीव्हीवर आणि न्यू जर्सीच्या ॲपल टीव्हीवर टेलस्केलचं ॲप मिळतं. एलजीच्या टीव्हीवर मिळत नाही. तिथे एक अँड्रॉइड टीव्हीवाली स्टिक लावणं सगळ्यात कमी कटकटीचं.
- ॲक्सेसच्या नियमांत टीव्हींना सर्व्हरच्या फक्त ८०९६ पोर्टपर्यंत जाऊ द्या. घरातला प्रिंटर डोंबिवलीहून दिसायचं कारण नाही.
- जेलीफिनच्या ॲपमध्ये सर्व्हरचा पत्ता म्हणून टेलस्केलने दिलेला पत्ता घाला. बोगद्यातून जाताना साधं एचटीटीपी चालतं, कूटबद्धता वायरगार्डची असते.

गोंधळू नका म्हणून सांगतो: टेलस्केलही आपले पत्ते त्याच १००.६४ च्या पट्ट्यातून देतं. वॅन पानावरचा १००.७१ वेगळा आणि टेलस्केलचा १००-काहीतरी वेगळा.

---

रिळवाला

नेटवर्क एका संध्याकाळी जुळेल. तुमचं खरं काम फायलींत आहे, आणि तेच लोक शेवटी ठेवतात.

नियम एकच: समोरच्या टीव्हीला फाईल जशीच्या तशी वाजवता आली तर सर्व्हर नुसता टपाल्या. वाजवता आली नाही की सर्व्हरला तीच फाईल प्रत्येक वेळी, प्रत्येक घरासाठी नव्याने शिजवावी, म्हणजे दुसऱ्या रूपात बदलावी (ट्रान्सकोड करावी), लागते. म्हणून एकदाच शिजवून डबे भरून ठेवा.

डीव्हीडी. व्हीओबीत एमपेग-२ असतं. ब्राउझर ते वाजवत नाहीत, म्हणून ट्रान्सकोडिंग सुरू होतं. तुकड्यांचं कारण म्हणजे डीव्हीडीत एक फाईल १ जीबीच्या पुढे जात नाही. फायली नुसत्या एकापुढे एक चिकटवल्या तर वेळेच्या खुणा बिघडतात आणि पुढे-मागे सरकवणं अडतं. मेकएमकेव्ही या प्रोग्रॅमला अख्खं 'व्हिडिओ टीएस' फोल्डर द्या, आयएफओ फायलींसकट (तुकड्यांचा क्रम त्यांत असतो). तो त्या वाचून पूर्ण लग्नाची एक एमकेव्ही करतो. आयएफओ हरवल्या असतील तर निदान शून्य क्रमांकाची व्हीओबी जोडू नका, तिच्यात फक्त मेनू असतो.

मग हँडब्रेक हा रूपांतराचा प्रोग्रॅम. एच.२६४ (जवळपास सगळीकडे वाजणारा प्रकार), आरएफ म्हणजे गुणवत्तेचा आकडा २०, ऑडिओ एएसी १६० केबीपीएस, एमपी४ आणि 'वेब ऑप्टिमाइज्ड' वर खूण. कंगव्याच्या रेघा इंटरलेसिंगच्या आहेत. आपल्याकडचा पाल व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे ५० अर्ध्या फ्रेम असतो. डीइंटरलेसमध्ये 'बॉब' निवडा आणि फ्रेमरेट ५० ठेवा. साधं डीइंटरलेस केलं तर २५ च राहतात आणि वरातीतला नाच झटके देत चालतो. चित्र ७२०×५७६ असतं, पण त्याचे ठिपके चौकोनी नसतात. गुणोत्तराच्या सेटिंगला हात लावू नका, नाहीतर नवरा-नवरी एक तर रोड तरी होतील नाहीतर जाड. व्हीएचएसवरून आलेल्या चित्राच्या तळाशी ८-१० ओळींची थरथरती पट्टी असते, ती खालून कापा. डीनॉइज हलकंच. जास्त केलं की शालूची जर पुसली जाते.

मूळ व्हीओबी पुसू नका. त्या लायब्ररीबाहेर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा.

आयफोन. ॲपलच्याच आकड्यांप्रमाणे फोर-के ६० फ्रेमचं एक मिनिट सुमारे ४०० एमबी, म्हणजे ५३ एमबीपीएस. तुमच्या १०० च्या अपलोडमध्ये दोन घरं एकाच वेळी बसली की संपलं. फोर-के ३० फ्रेमला मिनिटाला १७० एमबी, आणि १०८०पी ३० फ्रेमला ६० एमबी, म्हणजे ८ एमबीपीएस. फिके रंग एचडीआरमुळे, म्हणजे जास्त उजळ-गडद छटांच्या चित्रणामुळे. साध्या पडद्यासाठी त्या छटा साध्या रंगांत बसवाव्या लागतात (टोन मॅपिंग), आणि ते प्रोसेसरवर टाकलं तर एन१०० कण्हतोच.

मूळ फायली जपून ठेवा आणि लायब्ररीत १०८०पी, एच.२६४, साध्या रंगांच्या प्रती टाका. इथून पुढे कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एचडीआर बंद आणि १०८०पी. हे बारशाला जायच्या आधी करायचं, नंतर नव्हे.

लायब्ररीचा प्रकार 'होम व्हिडिओज अँड फोटोज' असाच निवडा. 'मूव्हीज' ठेवलात तर जेलीफिन 'लग्न १९९६' साठी कुठल्यातरी परदेशी सिनेमाचं पोस्टर शोधून आणेल आणि काकू त्यावरून वर्षभर बोलतील. फाईलच्या नावाची सुरुवात वर्ष-महिना-दिवस अशी केली की क्रम आपोआप लागतो. पुढचं नाव देवनागरीत चालतं.

कीर्तनं 'म्युझिक'मध्ये न घालता 'बुक्स' प्रकारच्या लायब्ररीत ऑडिओबुक म्हणून घाला. नाहीतर नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या मध्येच थांबलेला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा नमनापासून ऐकतो.

---

रेंडर_गट

वरच्या प्रतिसादाला +१, पण काही फायली तरीही ट्रान्सकोड होणारच. ते काम ग्राफिक्सच्या भागाकडे द्या. एन१०० मध्ये त्यासाठी इंटेलची क्विकसिंक ही सोय आहे, आणि तुमचा प्रोसेसर १०० टक्क्यांवर जातो म्हणजे ते वापरात नाही. तीन ठिकाणं तपासा.

पहिलं, डेबियनवर 'नॉन-फ्री फर्मवेअर'चा विभाग चालू करून 'फर्मवेअर मिस्क नॉनफ्री' पॅकेज बसवलंय का. नसेल तर इंटेलच्या चिपला लागणारं फर्मवेअर चढत नाही आणि 'लो पॉवर' एन्कोडिंग फसतं. बसवल्यावर मशीन एकदा रीस्टार्ट. दुसरं, 'डेव्ह'खालचं 'डीआरआय' फोल्डर कंटेनरला दिलंय का, आणि कंटेनरच्या युजरला यजमान मशीनवरच्या 'रेंडर' गटाचा क्रमांक मिळालाय का. गटाचं नाव देऊन भागत नाही, कंटेनरच्या आत त्याच नावाचा क्रमांक वेगळा असू शकतो. तिसरं, जेलीफिनच्या डॅशबोर्डमध्ये प्लेबॅकखाली ट्रान्सकोडिंगमध्ये इंटेल क्विकसिंक निवडून एच.२६४, एचईव्हीसी (आयफोनच्या व्हिडिओंचा प्रकार), एचईव्हीसी १० बिट आणि एमपेग-२ वर खुणा आणि टोन मॅपिंग चालू.

मग एक आयफोनचा व्हिडिओ मुद्दाम ३ एमबीपीएसवर लावून डॅशबोर्डवर बघा. तिथे ट्रान्सकोडिंगचं कारणही लिहून येतं. ते कारण वाचायची सवय लावा, अर्धे प्रश्न तिथेच सुटतात.

सबटायटल्सचं एक. व्हिडिओबरोबर ओळी द्यायच्या असतील (न्यू जर्सीच्या नातवंडांसाठी मंगलाष्टकांचा अर्थ वगैरे) तर साधी एसआरटी फाईल, यूटीएफ-८ मध्ये. ती टीव्ही स्वतः दाखवतो. चित्ररूप किंवा सजवलेली सबटायटल्स पुष्कळदा व्हिडिओत भाजावी लागतात, म्हणजे पुन्हा ट्रान्सकोडिंग. आणि कंटेनरमध्ये देवनागरी फाँट नसेल तर अक्षरांच्या जागी चौकोन भाजले जातात. नोटो सान्स देवनागरीची फाईल एका फोल्डरमध्ये ठेवून जेलीफिनला 'फॉलबॅक फाँट' म्हणून तो मार्ग द्या.

---

उंबरठा४४३

टेलस्केलवर माझा थोडा वेगळा सूर. साताऱ्याला ठीक, पण वीज गेली-आली, टीव्ही रीस्टार्ट झाला आणि टेलस्केल आपणहून चढलं नाही तर आई-बाबांना फक्त 'सर्व्हर सापडत नाही' एवढंच दिसेल. लावून देताना टीव्हीचा प्लग काढून परत घाला आणि कशालाही हात न लावता जेलीफिन उघडतं का ते दोन-तीनदा पाहा. उघडत नसेल, किंवा काकांच्या एलजीवर स्टिक नकोच असेल, तर दुसरा रस्ता आहे.

मुंबईतल्या डेटा सेंटरमधला छोटा भाड्याचा सर्व्हर घ्या, १ जीबी रॅम पुरते. घरच्या डब्यातून त्याच्याकडे वायरगार्डचा बोगदा. जोडणी घरातून बाहेर जाते, म्हणून सीजीनॅट आड येत नाही. 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह' २५ सेकंद ठेवा, नाहीतर काही वेळ शांत राहिलं की नॅट ती वाट विसरतं. भाड्याच्या सर्व्हरवर कॅडी हा वेब सर्व्हर बसवा, तो बाहेरून आलेली मागणी बोगद्यातून घरच्या जेलीफिनकडे पाठवतो. डोमेनचं नाव दिलं की प्रमाणपत्र ते स्वतः आणतं आणि स्वतः नवं करतं. बाहेरून कॅडीची ८० आणि ४४३, शिवाय बोगद्याचं यूडीपी पोर्ट, एवढंच उघडं. मग कुठल्याही टीव्हीवरच्या जेलीफिनच्या ॲपमध्ये सरळ डोमेनचा पत्ता घालायचा, वेगळं ॲप नको. एलजीच्या दुकानात जेलीफिनचं ॲप आहे.

यात तीन ठिकाणी पाय घसरतो.

एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा कमाल आकार. वायरगार्ड मुळात १४२० बाइट धरतो. तुमची जोडणी पीपीपीओईवर (राउटरमध्ये सेवादात्याचं युजरनेम-पासवर्ड घालावं लागतं ती) असेल तर तिथे १५०० च्या जागी १४९२ च असतात, मग १४१२ ठेवा. लक्षण ओळखीचं आहे: लॉगिनचं पान उघडतं, पण पोस्टर आणि व्हिडिओ गोल फिरत राहतात.

'नोन प्रॉक्सीज', म्हणजे मधल्या ओळखीच्या सर्व्हरांची यादी. जेलीफिनच्या नेटवर्किंगमध्ये भाड्याच्या सर्व्हरचा बोगद्यातला पत्ता इथे घातला नाही तर सगळे बघणारे त्या एकाच खाजगी पत्त्यावरून आल्यासारखे दिसतात. जेलीफिन त्यांना घरचेच समजतो आणि बाहेरच्यांसाठी लावलेली बिटरेटची मर्यादा कुणालाच लागू होत नाही. वर फेल-टू-बॅन (चुकीचे पासवर्ड देणाऱ्या पत्त्याला बंदी घालणारा प्रोग्रॅम) लावलं असेल तर काकांनी पाच वेळा पासवर्ड चुकवला की ते त्या पत्त्यालाच बंदी घालतं आणि तिन्ही घरं एकदम बाहेर.

डॉकर आणि फायरवॉल. डॉकरने उघडलेलं पोर्ट यूएफडब्ल्यू या फायरवॉलच्या नियमांना वळसा घालून जातं. यूएफडब्ल्यू 'बंद' म्हणतंय एवढ्यावर विसंबू नका, बाहेरच्या मशीनवरून तपासा.

आणि ही उघडी वाट आहे, तेव्हा जेलीफिन वेळच्या वेळी अद्ययावत करणं आलं. अपडेटआधी कॉन्फिगचं फोल्डर बाजूला कॉपी करून ठेवा. मोठ्या आवृत्त्यांत डेटाबेसचं रूप बदलतं आणि मग मागे फिरता येत नाही.

क्लाउडफ्लेअरचा फुकट बोगदा कुणीतरी सुचवेलच. त्यांच्या अटी त्यांच्या जाळ्यातून असा व्हिडिओ वाहून न्यायला मर्यादा घालतात. त्यावर घरचा सिनेमा उभा करू नका.

---

कोथरूडचा_डबा

सर्वांचे आभार, वाखूसा (वाचनखूण साठवली). दोन लग्नं आणि एक मुंज रूपांतरित केली, बॉब आणि ५० फ्रेमचा फरक डोळ्यांना लगेच कळतो. रेंडर गटाचा क्रमांकच चुकलेला होता.

टेलस्केल लावलं. डोंबिवलीची स्टिक छान चालते. साताऱ्याला मात्र ८ एमबीपीएसची फाईलही दर मिनिटाला थांबते. तिथलं फायबर ५० चं आहे, वेग तपासला तर पूर्ण मिळतो. न्यू जर्सीला सुरुवात नीट होते, मग गुणवत्ता पडते.

---

आयपी_मागतो_वाढा

सर्व्हरवर टेलस्केलची स्थिती बघणारी आज्ञा चालवा, साताऱ्यावर व्हिडिओ चालू असताना. त्या टीव्हीच्या ओळीत 'डायरेक्ट' आहे की 'रिले'? 'रिले' असेल तर बहुधा दोन्हीकडे सीजीनॅट असल्यामुळे थेट वाट निघालेली नाही आणि सगळा व्हिडिओ टेलस्केलच्या मधल्या सर्व्हरवरून जातोय. ती सोय अडल्या वेळेची आहे, व्हिडिओसाठी नाही.

उपाय म्हणजे दोन्ही राउटरवर आयपीव्ही६ (इंटरनेटच्या पत्त्यांची नवी पद्धत) चालू करणं. पुष्कळ फायबर जोडण्यांवर ते मिळतं, पण राउटरमध्ये बंद पडलेलं असतं. आयपीव्ही६ वर वाटलेल्या पत्त्याची भानगड नाही, दोन्ही टोकं थेट भेटतात. साताऱ्याच्या राउटरवर वॅन आणि लॅन (घरच्या बाजूचं) दोन्ही पानांवर चालू करा. बरेच जण फक्त वॅनवर करतात आणि टीव्हीला पत्ता मिळतच नाही. नंतर टीव्ही रीस्टार्ट करून पुन्हा स्थिती बघा. तिथे आयपीव्ही६ मिळतच नसेल तर उंबरठा यांचा भाड्याचा सर्व्हर.

---

उंबरठा४४३

न्यू जर्सीचा मामला अंतराचा आहे. जाऊन-येऊन २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. पाठवण्याचा वेग ठरवणारी लिनक्सची नेहमीची पद्धत, 'क्युबिक', एक पाकीट हरवलं की वेग झपकन खाली आणते, आणि एवढ्या अंतरावर तो परत चढायला वेळ लागतो. घरच्या डब्यावर ही पद्धत (टीसीपीचं कंजेशन कंट्रोल) 'बीबीआर' आणि रांगेची पद्धत 'एफक्यू' करा. डेबियनच्या कर्नलमध्ये दोन्ही आधीच आहेत, सिस्टीमच्या सेटिंगच्या दोन ओळींचं काम. पाठवणाऱ्या बाजूला केलं की पुरतं, बहिणीकडे काही करायला नको.

शिवाय जेलीफिनमध्ये तिच्या युजरला इंटरनेटवरची मर्यादा १० एमबीपीएस द्या. १०८०पी च्या ८ वाल्या फायली तिच्याखाली बसतात, म्हणजे त्या तशाच जातात. मर्यादा ६ ठेवलीत तर प्रत्येक फाईल विनाकारण पुन्हा शिजेल.

मासिक डेटाही मोजून ठेवा. ८ एमबीपीएस म्हणजे तासाला ३.६ जीबी. तीन घरं रोज तीन-तीन तास म्हटलं तरी महिन्याला ९७२ जीबी. अनेक फायबर प्लॅनवर ३.३ टीबीची मर्यादा असते, त्यात बसतं. भाड्याचा सर्व्हर घेतलात तर मात्र त्याची मर्यादा आधी वाचा, १ टीबी असेल तर काठावर आहात.

---

रिळवाला

अवांतर, पण सगळ्यात महत्त्वाचं: तुमच्या लिखाणात ४ टीबीची एकच डिस्क दिसते. म्हणजे सगळ्या घराच्या लग्नांची एकुलती एक प्रत, यूएसबीच्या एका वायरवर. दुसरी डिस्क घ्या, सगळं कॉपी करा आणि न्यू जर्सीला जाणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेत द्या. १.६ टीबी २० एमबीपीएसने पाठवायला न थांबता सव्वासात दिवसांहून जास्त लागतील, विमान एका दिवसात नेतं. तिकडे बहीण ती डिस्क थेट टीव्हीच्या बाजूला लावू शकते, आणि तुमच्याकडे दुसऱ्या देशात बॅकअप झाला. नव्या फायली तेवढ्या सिंकथिंगने (दोन संगणकांतली फोल्डरं आपोआप सारखी ठेवणाऱ्या प्रोग्रॅमने) जाऊ द्या.

आई-बाबांच्या पासवर्डचं राहिलं. 'क्विक कनेक्ट' चालू करा. टीव्हीवर सहा आकडे दिसतात. ते त्यांनी फोनवर सांगायचे, तुम्ही कोथरूडला ब्राउझरमध्ये त्यांच्याच युजरने लॉगिन करून भरायचे, तिकडे टीव्ही उघडतो. प्रत्येक घराला वेगळा युजर द्या, म्हणजे कोण कुठवर बघून थांबलं ते मिसळत नाही. मीडिया पुसण्याची परवानगी कुणालाही नको आणि ॲडमिन युजर टीव्हीवर कधीच नको. बाहेरून बघायचं असल्याने त्या युजरला 'रिमोट कनेक्शन'ची परवानगी मात्र हवी. टेलस्केलचा १०० वाला पत्ता जेलीफिन घरचा धरत नाही.

मिनी पीसीच्या बायॉसमध्ये वीज परतल्यावर काय करायचं ते 'पॉवर ऑन' ठेवा. राउटर आणि फायबरचा डबा १२ व्होल्टच्या छोट्या यूपीएसवर घ्या. पीसी सरासरी १० वॉट घेत असेल तर महिन्याला साधारण सात युनिटं.

---

कोथरूडचा_डबा

साताऱ्याला 'रिले'च होतं. राउटरच्या लॅन पानावर आयपीव्ही६ बंद होतं, चालू करून टीव्ही रीस्टार्ट केला आणि 'डायरेक्ट' आलं. ८ एमबीपीएसची फाईल दीड तास न थांबता चालली. टीव्हीचा प्लग तीनदा काढून घातला, दोनदा टेलस्केल आपोआप चढलं, तिसऱ्यांदा नाही. बीबीआर आज रात्री करतो. डिस्क मागवली आहे.

---

उंबरठा४४३

तीनातून एकदा म्हणजे पावसाळ्यात आठवड्यातून दोन फोन. आई-बाबांसाठी भाड्याचा सर्व्हर घ्याच, टेलस्केल तुमच्या देखभालीपुरतं ठेवा. दोन्ही एकाच डब्यावर सुखाने नांदतात.